हिलारिओचा चौथा शिक्का

परक्या माणसाने केलेला अपमान दोन दिवसांत विसरता येतो. पण तोच अपमान साडूने केला, आपल्याच अंगणात, आपल्याच खुर्चीत बसून, आपणच उभ्याने भाजलेलं मांस खात खात केला, तर त्यावर काहीतरी कृती करावीच लागते. हिलारिओ केसादावर तो प्रसंग ऑगस्टातल्या एका रविवारी आला.

त्याचा साडू बाल्देमार ह्यूस्टनहून आठवडाभर राहायला आला होता आणि येताना त्याने आपलं निळं पासपोर्ट पुस्तक आणलं होतं. हा परदेशी जायचा पासपोर्ट नव्हे. देशातल्या राष्ट्रीय उद्यानांत आणि ऐतिहासिक जागांत टेबलावर एक शिक्का ठेवलेला असतो. आपण जायचं, जागेचं नाव आणि तारीख असलेला तो शिक्का आपल्या हाताने आपल्या पुस्तकात मारायचा आणि मग जन्मभर तो दुसऱ्यांना दाखवत सुटायचं. बाल्देमारच्या पुस्तकात दऱ्या होत्या, ज्वालामुखी होते, एक हिमनदीसुद्धा होती. ते सगळं दाखवून झाल्यावर त्याने एक कोरं पान उघडलं.

"हे तुमच्या सान अंतोनियोचं. चार जुनी मिशनं, चार शिक्के. म्हटलं साडूला विचारू. तुझे किती झाले?"

मेजावरच्या सगळ्यांनी आपापल्या ताटात बघितलं. कारण हिलारिओच्या पूर्वजांनी त्या मिशनांच्या, म्हणजे स्पॅनिश पाद्र्यांच्या जुन्या चर्च-वसाहतींच्या, भिंतींचे दगड रचले, ही गोष्ट हिलारिओने गेल्या वीस वर्षांत एकाही जेवणात सांगायची सोडली नव्हती.

"ज्यांनी भिंती बांधल्या त्यांच्या वंशजांना शिक्के लागत नाहीत," हिलारिओ म्हणाला.

"अगदी बरोबर. आपल्याच घरी जायला तिकीट कशाला?" बाल्देमारने हाड चोखत मान डोलावली. "फक्त अधूनमधून घरी जावं माणसाने. शेवटचा कधी गेला होतास?"

"एका लग्नाला."

"कोणाच्या?"

"माझ्या."

यावर हिलारिओची बायको एर्मिनिया खळखळून हसली. साडू हसला असता तर चाललं असतं. बायको हसली म्हणून हिलारिओने हातातला चिमटा खाली ठेवला आणि जाहीर केलं, "येत्या शनिवारी. चारही. एका दिवसात."

सोमवारी त्याने पुस्तक विकत घेतलं आणि मंगळवारपर्यंत ही बातमी साऱ्या गल्लीला कळली. शेजारचे वेल्डन फोक्ट हे जर्मन वळणाचे निवृत्त गृहस्थ कुंपणावर कोपरं टेकून सल्ला द्यायला हजर झाले. हिरवळ कशी कापावी, खारी कशा हाकलाव्यात, बायकोशी कसं बोलावं, अशा सर्व विषयांवर त्यांचा सल्ला फुकट असे.

"शिक्का मारणं म्हणजे ठोकणं नव्हे, श्री. केसादा. खाली टेकवायचा, थोडा डोलवायचा, आणि सरळ वर उचलायचा. श्वास रोखून. आणि आधी सराव करा. पुस्तकातला शिक्का खोडता येत नाही."

हिलारिओ एका दंतविमा कंपनीत कागदपत्रं तपासायच्या विभागाचा प्रमुख होता. एक सही कमी असली तरी तो लोकांच्या दाढा परत पाठवत असे. अशा माणसाचा शिक्का वाकडा पडून कसं चालेल? त्याने बाटलीचं झाकण आणि बिटाचा रस घेऊन सराव सुरू केला. आधी कागदी रुमालांवर, मग वर्तमानपत्रावर, आणि गुरुवारी हात बसल्याच्या आनंदात एर्मिनियाच्या आईने स्वतः विणलेल्या टेबलक्लॉथवर.

त्याची शिक्षा शनिवारी सकाळी गाडीत पुढच्या सीटवर येऊन बसली. एर्मिनियाची आई, दोन्या सोईला, म्हणजे सोईलाबाई. मांडीवर बटाटा-अंड्याच्या टाकोंची पिशवी, पायाशी घडीची खुर्ची.

"मीही येते. मला सान होसेला मेणबत्ती लावायची आहे," त्या म्हणाल्या. "आणि माझ्या टेबलक्लॉथसाठी प्रार्थना करायची आहे."

पहिलं मिशन कोन्सेप्सियोन. टेबलामागे एक तरुण रेंजर मुलगी होती. टोपी सरळ, बूट चकचकीत. हिलारिओने पुस्तक उघडलं, शिक्का शाईवर टेकवला, श्वास रोखला.

"काय रे, तुला घाम किती येतोय!" दोन्या सोईलांनी मागून रुमाल त्याच्या कपाळावर दाबला.

शिक्का पडला. स्पष्ट, ठसठशीत, हिरवागार, आणि पूर्ण उलटा.

"हे रद्द करून मिळेल का?" हिलारिओने रेंजरला विचारलं.

"नाही सर. पण छान उमटलाय."

"उलटा आहे तो."

मुलीने पुस्तक फिरवलं. "असं धरलं की सुलटा आहे."

"मग बाकीचं सगळं पुस्तक उलटं होईल!"

"हो," ती प्रामाणिकपणे म्हणाली. "ते होईल."

विम्याच्या कचेरीत कोणी त्याच्याशी असं बोललं असतं तर त्याने वरिष्ठांचं नाव विचारलं असतं. इथे तिची टोपी त्याच्यापेक्षा रुबाबदार होती, म्हणून त्याने पुस्तक उचललं.

सान होसेला मात्र शिक्का असा सुरेख पडला की त्याचं त्यालाच भरून आलं. शाई वाळेपर्यंत तो पुस्तक उघडं धरून, भरलेला ट्रे नेणाऱ्या वाढप्यासारखा अंगणभर फिरला. एका अनोळखी कुटुंबाला त्याने थांबवून तो दाखवला. त्यांनी त्याला कुटुंबाचा फोटो काढायला लावला. तेवढ्यात दोन्या सोईला मेणबत्ती लावून परत येताना पंधराव्या वाढदिवसाच्या एका मुलीच्या निळ्या घोळदार झग्याशेजारी उभ्या राहून तीन फोटोंत आल्या. "ओळखीच्या नाहीत," त्या म्हणाल्या, "पण मुलगी गोड आहे, आणि मधली आत्या यायची राहिली होती."

गोंधळाला खरी सुरुवात झाली ती तिसऱ्या मिशनात, सान हुआनला. तिथे पोचले तर शिक्क्याच्या खोलीला कुलूप, आणि दारावर पाटी: जेवणाची सुट्टी. ऊन असं की गाडीच्या टपावर टोर्तिया भाजावी. शेजारीच ते छोटंसं पांढरंशुभ्र चर्च उघडं होतं आणि आतून गार वारा येत होता.

"पाच मिनिटं आत बसू," दोन्या सोईला म्हणाल्या.

आत बाप्तिस्म्याची मंडळी बसली होती. वीसेक माणसं, पांढरे फुगे, आणि लांबलचक झग्यात घामेजलेलं एक बाळ. सगळ्यांची तोंडं उतरलेली. बाळाची आजी, दोन्या निन्फा, फोनवर ओरडत होती, "हमरस्त्यावर म्हणजे कुठे, रोगासियानो? ट्रकमधून धूर येतोय म्हणजे किती?"

तिने फोन बंद केला. बाळाचा धर्मपिता, म्हणजे पाद्रिनो, अडकला होता. फादर ओबिन्ना हे नायजेरियाहून आलेले उंचेपुरे धर्मगुरू घड्याळाकडे बघत म्हणाले, "बाई, पुढचा बाप्तिस्मा दारात उभा आहे. रोगासियानोच्या वतीने दुसरा कोणी उभा राहिला तरी चालतं. प्रतिनिधी म्हणून. पण धार्मिक माणूस हवा."

दोन्या निन्फाने सभोवार नजर फिरवली. घरचे पुरुष बुटांकडे पाहू लागले. मग तिची नजर शेवटच्या बाकावर गेली. तिथे इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला, छातीशी एक निळं पुस्तक धरलेला, डोळे मिटून बसलेला माणूस होता. खरं तर हिलारिओ डुलकी घेत होता. पण ती दिसायला प्रार्थनेसारखीच होती.

"तो बघा," दोन्या निन्फा म्हणाली. "प्रार्थनेचं पुस्तकसुद्धा घेऊन आलाय."

हिलारिओ जागा झाला तेव्हा त्याला बाकावरून उठवण्यात आलं होतं. फादर ओबिन्नांनी चौकशी सुरू केली. आणि इथे एक गंमत झाली. आयुष्यभर लोकांच्या कागदांत खोट काढणारा हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा खिडकीच्या दुसऱ्या बाजूला उभा होता.

"बाप्तिस्मा झालाय?"

"झालाय," दोन्या सोईला बाकावरून म्हणाल्या.

"लग्न चर्चमध्ये?"

"माझ्याच मुलीशी. मी रडले होते."

"दर रविवारी प्रार्थनेला येतात?"

"मी येते," दोन्या सोईला म्हणाल्या.

फादरांनी पुन्हा घड्याळ बघितलं. पुढच्या बाप्तिस्म्याचं बाळ दारात किंचाळलं. "ठीक आहे," ते म्हणाले.

बाळाची आई येसेनिया हिने बाळाला, एलिसेओला, हिलारिओच्या हातात दिलं. तो किती ऊबदार होता, आणि किती जड! हिलारिओ आणि एर्मिनियाला मूल नव्हतं. एवढ्या मोठ्या गोतावळ्यात दरवर्षी दोन-तीन बाप्तिस्मे होत, पण हिलारिओला पाद्रिनो व्हायला कोणी बोलावलं नव्हतं. तो किती काटेकोर, किती प्रश्न विचारणार, म्हणून लोक त्याला टाळत. त्यालाही ते माहीत होतं. पण आपण ते कधी कोणापाशी बोललो नाही, हे त्याला आत्ता, ते बाळ त्याच्या शर्टाचं बटण चोखू लागलं तेव्हा, लक्षात आलं.

"सैतानाचा आणि त्याच्या सर्व कृत्यांचा धिक्कार करता का?" फादरांनी विचारलं.

हिलारिओच्या डोळ्यांसमोर हाड चोखणारा बाल्देमार आला. "करतो!" तो इतक्या जोरात म्हणाला की फुग्यांनाही हेलकावा बसला.

मग तो बाळाला घेऊन कुंडावर वाकला. आणि त्याच्या शर्टाच्या खिशातून पासपोर्ट पुस्तक सुळकन निसटलं आणि थेट पवित्र पाण्यात पडलं.

पुस्तक उघडं होऊन तरंगलं. मग त्यातून हिरव्या शाईचा एक सुंदर धागा निघाला, वळला, पसरला. कोन्सेप्सियोन गेलं. सान होसे, तो सुरेख सान होसे, डोळ्यांदेखत विरघळून गेला. फादरांची ओंजळ तेव्हाच भरली होती. ते थांबू शकले नाहीत. एलिसेओच्या टाळूवर पाणी पडलं आणि त्याचा डावा कान फिकट हिरवा झाला.

"आमेन," फादर म्हणाले. मग त्यांनी दोन बोटांनी पुस्तक बाहेर काढून हिलारिओला दिलं. "आज दोघांचा झाला."

आधी येसेनिया हसली. मग दोन्या निन्फा. मग सगळं चर्च हसायला लागलं आणि एलिसेओही दात नसलेलं तोंड उघडून हसला. हिलारिओ मात्र ठिबकणारं पुस्तक धरून उभा होता. त्याचा चेहरा बघून येसेनियाचं हसू थांबलं.

"काय होतं त्यात, पाद्रिनो?"

त्याने सांगितलं. साडूचंही सांगितलं. टेबलक्लॉथचं दोन्या सोईलांनी सांगितलं.

बाहेर पडल्याबरोबर मुलांचा घोळका त्याच्याभोवती नाचायला लागला. "बोलो, पाद्रिनो! बोलो!" बाप्तिस्म्यानंतर पाद्रिनोने मुलांवर 'बोलो', म्हणजे चिल्लर, उधळायची, ही रीत हिलारिओला लहानपणापासून ठाऊक होती. उधळायचा मान कधी मिळाला नव्हता, एवढंच. त्याने खिशात हात घातला, मूठ भरली आणि राजासारखी आकाशात उडवली. नाणी चमकली, मुलं धावली, आणि नाण्यांच्या मधून गाडीची किल्ली एक मोठी कमान काढत गेली आणि शेजारच्या जुन्या पाटाच्या गढूळ पाण्यात 'डुबुक' करून बुडाली.

"किती लांब फेकलीस!" दोन्या सोईला कौतुकाने म्हणाल्या.

दोन चुलते पाटात उतरले. एक चप्पल सापडली. ती कोणाचीच नव्हती.

हिलारिओ घडीच्या खुर्चीत बसला. हातात ओलं पुस्तक, पाटात किल्ली, घरी साडू. एर्मिनिया तिच्या केशकर्तनालयात शनिवारच्या गर्दीत अडकलेली. "संपलं," तो म्हणाला. "घरी जाऊ. कोणी बसथांबा दाखवा."

"बसथांबा?" दोन्या निन्फा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "माझ्या नातवाच्या पाद्रिनोला मी बसने पाठवू? आमच्या बाळापायी तुमचे शिक्के गेले, ते आम्ही परत मिळवून देऊ. ए! सगळे गाड्यांत बसा!"

"पण जेवण—"

"जेवण गरम आहे. आणि गरम राहील. बाहेर बघा ऊन!"

आणि अशी एक वरात निघाली जशी त्या मिशनांनी बांधल्यापासून पाहिली नसेल. पुढे दोन्या निन्फाचा पिकअप ट्रक, त्यात हिलारिओ, बाळ, येसेनिया आणि दोन्या सोईला. मागे फुगे लावलेल्या तीन गाड्या. शेवटी चुलत्याचा ट्रक, त्यात बाप्तिस्म्याचा तीन मजली केक. सान हुआनची खोली एव्हाना उघडली होती. तिथला शिक्का त्यांनी आधी मारला. पुस्तक उन्हात टपावर ठेवून वाळवलेलं होतं आणि तव्यावरच्या टोर्तियासारखं टम्म फुगलेलं होतं. फुगलेल्या पानावर शिक्का थोडा वाकडा पडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग उत्तरेला कोन्सेप्सियोन. टोपीवाली रेंजर मुलगी सकाळच्या गिऱ्हाइकाला पुन्हा बघून सावध झाली. मग त्याच्यामागून वीस माणसं, फुगे आणि हिरव्या कानाचं बाळ आत आलं.

"सर, सकाळचा शिक्का…?"

"बाप्तिस्म्यात वाहून गेला," हिलारिओ म्हणाला.

तिने यावर काही विचारलं नाही, हा तिच्या प्रशिक्षणाचा भाग असावा. हिलारिओने एका हातात बाळ धरून दुसऱ्या हाताने शिक्का मारला. तो पुन्हा उलटाच पडला. यावेळी हिलारिओने स्वतःच पुस्तक फिरवलं आणि बाळाला दाखवलं. "असं धरलं की सुलटा," तो म्हणाला.

सान होसेचा शिक्काही पुन्हा मारून झाला, पण तिथे केकची आयसिंग घसरायला लागली. चुलता ओरडला, "मी हॉलवर जातो, नाहीतर वरचा मजला माझ्या मांडीवर येईल!" आणि केकचा ट्रक वळून निघून गेला. बाकीचे दक्षिणेला, शेवटच्या मिशनाकडे, एस्पादाकडे धावले. तिथे पोचले तेव्हा एक वयस्कर रेंजर हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन दार ओढत होता.

"बंद झालं," तो म्हणाला.

दोन्या निन्फा बोलायला लागली. दोन्या सोईला तिच्याहून मोठ्याने बोलायला लागल्या. हिलारिओ नियमांचा माणूस; बंद म्हणजे बंद, हे त्याला पटत होतं, पण त्याचे पाय दारापासून हलत नव्हते. तेवढ्यात एलिसेओने प्रश्न आपल्या हातात घेतला. म्हणजे हातात नव्हे. वास सगळ्यांना एकदमच आला.

रेंजरने डोळे मिटले. "आत लंगोट बदलायला टेबल आहे," तो म्हणाला. "लवकर."

लंगोट बदलणं चालू असतानाच हिलारिओ शिक्क्याच्या टेबलाशी पोचला. शाई उघडली. शिक्का उचलला. आणि खिसा चाचपला.

पुस्तक केकबरोबर गेलं होतं. ताजी शाई वाळावी म्हणून ते चुलत्याच्या ट्रकच्या काचेखाली ठेवलं होतं.

"कागद द्या! कोणताही कागद!" दोन्या सोईला ओरडल्या. पर्सा उलट्या झाल्या. ओले रुमाल, मेणबत्ती, दूधपावडर, फुगे. कागद एकच निघाला. दोन्या निन्फाच्या पिशवीतला, फादरांनी नुकताच सही करून दिलेला बाप्तिस्म्याचा दाखला.

"मुळीच नाही!" हिलारिओ हादरला. "तो दस्तऐवज आहे!"

"मागच्या बाजूला मारा," दोन्या निन्फा म्हणाली. "मागे काय लिहिलंय? काही नाही."

"मी दिवे बंद करतोय," रेंजर म्हणाला.

येसेनियाने स्वच्छ केलेलं बाळ हिलारिओच्या डाव्या हातात दिलं. दोन्या निन्फाने दाखला पालथा ठेवला. हिलारिओने श्वास रोखला, शिक्का खाली आणला, आणि एलिसेओने आपली गुबगुबीत लाथ झाडली. कागद उडाला, गिरकी घेऊन सुलटा पडला, आणि त्यावर शिक्का बसला. त्याच वेळी दिवे गेले.

बाहेरच्या उजेडात दाखला बघितला गेला. 'धर्मपिता: रोगासियानो मोंतेमायोर. प्रतिनिधी: हिलारिओ केसादा,' असं फादरांनी नीट अक्षरात लिहिलं होतं. शिक्का बरोबर रोगासियानोच्या नावावर आणि 'प्रतिनिधी' या शब्दावर पडला होता. आता तिथे स्वच्छ वाचता येत होतं ते असं: 'धर्मपिता', मग एक गोल हिरवा शिक्का, मग 'हिलारिओ केसादा'.

"हाय रे देवा," हिलारिओ म्हणाला.

हॉलवर सगळे जमले होते. दोन्या सोईलांनी फोन केल्यामुळे एर्मिनिया गाडीची दुसरी किल्ली घेऊन आली होती, आणि तिच्याबरोबर बाल्देमार, काखेत आपलं पुस्तक मारून. फादर ओबिन्ना ताटावर बसले होते. आणि दारात, कोपरापर्यंत ग्रीस माखलेला, हॅट हातात धरलेला, आडव्या बांध्याचा एक माणूस आला. रोगासियानो.

हिलारिओ स्वतःच त्याच्यापुढे गेला. ओशाळून त्याने दाखला पुढे केला. "हे माझ्याकडून झालं. मी नवीन दाखला काढून देतो. तुमचं नाव…"

रोगासियानोने कागद लांब धरून बघितला. आपलं नाव शोधलं. शिक्क्यावर बोट ठेवलं.

"सरकारी?" त्याने विचारलं.

येसेनिया बाळाला घट्ट धरून उभी होती. रोगासियानोला आधीच सात धर्मपुत्र होते हे साऱ्यांना माहीत होतं, आणि आठव्यासाठी त्याचा ट्रक पेटला होता, हेही. पण पाद्रिनोपण दुसऱ्याला सोडायचं तर माणसाला मागे सरकायला सन्मानाची वाट लागते. फादर ओबिन्नांनी ताटातून डोकं वर काढलं, खोलीभर बघितलं, आणि म्हणाले, "चर्चच्या नोंदीचं मी सोमवारी बघतो," आणि पुन्हा ताटात गेले.

"सरकारी शिक्का आहे का हा?" रोगासियानोने पुन्हा विचारलं. "मग मी काय बोलणार? पण खरा आहे ना? जाणकार कोणी आहे का इथे?"

सगळ्यांच्या माना वळल्या त्या पुस्तकवाल्या माणसाकडे. हिलारिओने डोळे मिटले. हा शिक्का म्हणजे प्रवाशांची हौस, त्याला कायद्यात कवडीची किंमत नाही, हे या हॉलमध्ये बाल्देमारइतकं कोणाला माहीत होतं? आणि हिलारिओला चारचौघांत उताणं पाडायची अशी संधी त्याला पुन्हा कधी मिळणार होती?

बाल्देमारने चष्मा पुसला. दाखला दिव्याखाली धरला. मग त्याने हिलारिओकडे बघितलं. मळलेला शर्ट, चोखलेलं बटण, हिरवी बोटं. मग एर्मिनियाकडे बघितलं. ती हसत नव्हती.

"अस्सल आहे," बाल्देमार म्हणाला. "थोडा तिरका आहे. पण अस्सल."

रोगासियानोने हॅट छातीशी धरली आणि ग्रीसच्या हातांनी हिलारिओला मिठी मारली. हॉलमध्ये एकच कल्ला झाला. बाल्देमार त्या कल्ल्यात हिलारिओच्या कानाशी येऊन पुटपुटला, "पुस्तकात तीनच आहेत हं, साडू," पण हिलारिओला ते ऐकायला सवड नव्हती. रडणाऱ्या एलिसेओला घेऊन येसेनिया गर्दीतून वाट काढत आली, समोरच्या कोणाकडेही न बघता तिने बाळ सरळ त्याच्या हातात ठेवलं आणि म्हणाली,

"धरा हो जरा, पाद्रिनो. मला जेवायचंय."